मेरी गॅरेट यांची सशर्त देणगी : बाल्टिमोर, १८९० ते १८९३

प्रकरणाचा विषय

एखाद्या संस्थेला पैशाची निकड असते आणि देणाऱ्याला त्या संस्थेचे धोरण बदलून हवे असते, अशा वेळी देणगीपत्रात काय लिहायचे, कोणत्या शब्दांत लिहायचे आणि संस्थेने शब्द पाळला नाही तर पुढे काय, हे तीन प्रश्न उभे राहतात. आपल्याकडच्या शिक्षणसंस्थांच्या विश्वस्तांना आणि देणगीदारांनाही हे प्रश्न परके नाहीत. त्यांचा विचार करण्यासाठी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात घडलेले एक जुने प्रकरण येथे तपशीलवार मांडले आहे. रेल्वेसम्राटाची कन्या मेरी एलिझाबेथ गॅरेट (१८५४–१९१५) यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिलेली देणगी, हा त्याचा विषय आहे. व्यक्ती आणि संस्था इतिहासात नोंदलेल्या असल्यामुळे नावे झाकलेली नाहीत.

या देणगीचे श्रेय बहुधा गॅरेट यांच्या औदार्याला दिले जाते. त्यांचे औदार्य निर्विवाद आहे, पण माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व मसुद्यात आहे. ज्या सभेत त्यांना बसायची जागा नव्हती, त्या सभेचा निर्णय त्यांनी कागदावर बांधून घेतला. त्या कागदावर जे आले ते टिकले आणि जे आले नाही ते फार काळ घडले नाही, असे हे प्रकरण दाखवते.

पार्श्वभूमी : वारसा

मेरी यांचे वडील जॉन वर्क गॅरेट १८५८ पासून १८८४ मध्ये मृत्यू येईपर्यंत बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे कंपनीचे अध्यक्ष होते. लेक त्यांच्याबरोबर प्रवास करी, त्यांचा पत्रव्यवहार पाही, मोठमोठ्या उद्योगपतींच्या बैठकींत कागद घेऊन बसे. कारभाराचे शिक्षण तिला कोणत्याही वर्गात मिळाले नाही, ते या बैठकींत मिळाले. ती मुलगा असती तर कंपनी तिच्याच हाती गेली असती, असे त्या काळी बोलले जाई. मुलगी असल्यामुळे तिच्या वाट्याला कंपनीतले पद आले नाही. मालमत्तेचा तिसरा हिस्सा मात्र आला, आणि तो दोन भावांच्या बरोबरीने आला. वयाच्या तिशीत अविवाहित असलेली ही बाई देशातील अतिश्रीमंत स्त्रियांपैकी एक झाली.

ही संपत्ती कशी उभी राहिली तेही नोंदवले पाहिजे. जुलै १८७७ मध्ये याच कंपनीने मजुरीत दहा टक्के कपात केली आणि त्यातून अमेरिकेतला पहिला देशव्यापी रेल्वे संप पेटला. खुद्द बाल्टिमोरमध्ये सैनिकी तुकडीने जमावावर गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. देणगीचे मूल्यमापन करताना हा भाग वगळला तर चित्र अपुरे राहते.

पार्श्वभूमी : विद्यापीठ

जॉन्स हॉपकिन्स हे बाल्टिमोरचे व्यापारी आणि गॅरेट घराण्याचे स्नेही होते. १८७३ मध्ये ते वारले तेव्हा त्यांनी सुमारे ७० लाख डॉलर मागे ठेवले. निम्मे विद्यापीठासाठी आणि निम्मे रुग्णालयासाठी होते. रुग्णालयाच्या विश्वस्तांना त्यांनी लिहिलेले पत्र महत्त्वाचे आहे. शहरातील गरीब रुग्णांना लिंग, वय किंवा वर्ण न पाहता दाखल करून घ्यावे आणि हे रुग्णालय पुढे विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा भाग व्हावे, असे त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले होते. या पत्रातील ‘लिंग, वय किंवा वर्ण’ हे तीन शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. लेखाच्या शेवटी त्यांच्याकडे परत यावे लागणार आहे.

विद्यापीठ १८७६ मध्ये सुरू झाले. अध्यक्ष डॅनियल कॉइट गिलमन यांनी त्याला जर्मन धर्तीच्या संशोधनाची दिशा दिली आणि अल्पावधीत त्याचा देशभर दबदबा झाला. स्त्रियांना मात्र तेथे रीतसर प्रवेश नव्हता. क्रिस्टीन लॅड या गणितज्ञ स्त्रीने विशेष परवानगीने १८७८ ते १८८२ या काळात डॉक्टरेटचे सर्व काम पूर्ण केले, पण विद्यापीठाने तिला पदवी दिली ती १९२६ मध्ये. केरी थॉमस या विश्वस्ताच्या कन्येला १८७७ मध्ये नाव नोंदवू दिले, पण वर्गात बसू दिले नाही. वर्षभराने ती नाव काढून युरोपला गेली आणि १८८२ मध्ये झुरिक विद्यापीठाची डॉक्टरेट सर्वोच्च श्रेणीत मिळवून परतली.

वैद्यकाचे शिक्षण घेऊ पाहणाऱ्या स्त्रियांसाठी तेव्हा मुख्य मार्ग स्वतंत्र महिला महाविद्यालयांचा होता. आपल्या आनंदीबाई जोशी अशाच एका संस्थेत, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामध्ये शिकल्या आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्या काळात अशा महाविद्यालयांनी केलेले काम थोर होते. तरीही मोठी रुग्णालये, प्रयोगशाळा आणि संशोधनाच्या जागा पुरुषांच्या संस्थांकडे होत्या, आणि वेगळे दार मिळालेल्या स्त्रीला त्या जागांपर्यंत पोहोचणे जवळजवळ अशक्य होते.

अडचण

मे १८८९ मध्ये रुग्णालय उघडले. विल्यम वेल्च, विल्यम ऑस्लर, विल्यम हॅल्स्टेड आणि हॉवर्ड केली यांच्यासारखे नामवंत डॉक्टर बाल्टिमोरला येऊन बसले होते. महाविद्यालय मात्र सुरू होईना, कारण विद्यापीठाकडे पैसा नव्हता. हॉपकिन्स यांनी विद्यापीठाला दिलेल्या निधीचा मोठा भाग बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या समभागांत होता आणि ते विकू नयेत असा त्यांचा सल्ला होता. जॉन गॅरेट यांच्या मृत्यूनंतर कंपनीची घडी विसकटली आणि १८८० च्या दशकाच्या अखेरीस लाभांश थांबला. शिक्षक आहेत, रुग्णालय आहे, पण विद्यार्थी नाहीत, अशी अवस्था आली. प्राध्यापक कंटाळून दुसरीकडे जातील ही भीती विश्वस्तांना सतावू लागली.

या अडचणीत एक विलक्षण गुंता होता. ज्या कंपनीचा लाभांश आटल्यामुळे विद्यापीठ अडले, त्याच कंपनीच्या जुन्या वैभवातून मेरी गॅरेट यांची संपत्ती आली होती. त्यांचे वडील विद्यापीठाचे विश्वस्त होते. संस्थेचे हिशेब, विश्वस्तांचे स्वभाव, गिलमन यांचा स्त्रियांच्या प्रवेशाला असलेला विरोध, हे सगळे त्यांना घरात बसून कळत होते. त्यांच्या मैत्रिणींचीही तीच स्थिती होती. केरी थॉमस, मेरी ग्विन, एलिझाबेथ किंग, ज्युलिया रॉजर्स आणि मेरी गॅरेट या पाच जणी तरुण वयापासून शुक्रवारी संध्याकाळी एकत्र जमत आणि वाचन-चर्चा करीत. पाचांपैकी चौघींचे वडील हॉपकिन्स संस्थांचे विश्वस्त होते. याच गटाने १८८५ मध्ये बाल्टिमोरला ब्रिन मॉर स्कूल ही मुलींची शाळा काढली होती. कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला बसण्याइतकी तयारी मुलींकडून करून घेणे हे त्या शाळेचे उद्दिष्ट होते. शाळेच्या खर्चाचा मुख्य भार गॅरेट यांनीच उचलला.

समोरचे पर्याय

१८९० च्या सुमारास गॅरेट यांच्यापुढे किमान चार वाटा होत्या, आणि प्रत्येकीच्या बाजूने काही ना काही म्हणता येत होते.

एखाद्या स्वतंत्र महिला वैद्यकीय महाविद्यालयाला मोठी रक्कम देणे ही सर्वांत सरळ वाट होती. असे एक महाविद्यालय बाल्टिमोरमध्येच १८८२ पासून चालू होते. तेथे दिलेला पैसा लगेच कामी आला असता, कोणाशी भांडावे लागले नसते, आणि स्त्रियांच्या हाती कारभार राहिला असता. पण स्वतंत्र संस्थेला हॉपकिन्ससारखे रुग्णालय आणि प्रयोगशाळा उभ्या करून देणे गॅरेट यांच्या संपत्तीलाही झेपणारे नव्हते.

दुसरी वाट विनाअट देणगीची होती. कृतज्ञ झालेले विश्वस्त पुढे-मागे स्त्रियांचा विचार करतील, या आशेवर ती उभी होती. क्रिस्टीन लॅड आणि केरी थॉमस यांना मिळालेली वागणूक पाहता या आशेला आधार नव्हता. तिसरी वाट थांबण्याची. संस्था आणखी अडचणीत येऊ द्यायची आणि मग बोलायचे. यात धोका असा की मधल्या काळात दुसरा कोणी दाता उभा राहिला, किंवा प्राध्यापक निघून गेले, तर हाती काहीच उरले नसते.

चौथी वाट अटीसह देणगीची होती, आणि ती पत्करली तर लगेच दोन उपप्रश्न येत होते : रक्कम किती असावी, आणि अट एकच ठेवावी की अनेक.

पहिला निर्णय : एकट्याने देण्याऐवजी वर्गणी

१८९० मध्ये या गटाने महिला निधी समिती स्थापन केली आणि एक लाख डॉलर जमवून विश्वस्तांपुढे ठेवायचे ठरवले. गॅरेट यांना एवढी रक्कम एकटीने देणे अवघड नव्हते. तरीही त्यांनी तसे केले नाही, आणि मला हा निर्णय फार विचारपूर्वक घेतलेला वाटतो. एका श्रीमंत बाईचा हट्ट म्हणून मागणी बाजूला सारता आली असती. देशभरच्या प्रतिष्ठित स्त्रियांची मागणी तशी सारता येणार नव्हती. बोस्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, शिकागो, वॉशिंग्टन अशा शहरांत समित्या झाल्या. वॉशिंग्टनच्या समितीचे नेतृत्व राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी कॅरोलिन हॅरिसन यांनी केले. पुढे फेब्रुवारी १८९१ मध्ये ‘सेंच्युरी’ या प्रतिष्ठित मासिकाने या विषयावर अनेकांची मते एकत्र छापली. त्यांत कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल गिबन्स, डॉ. मेरी पटनम जेकोबी आणि स्वतः ऑस्लर यांचा समावेश होता.

जमलेल्या निधीपैकी ४७,७८७ डॉलर एकट्या गॅरेट यांचे होते, म्हणजे जवळपास निम्मे. उरलेला निम्मा अनेक हातांनी आला, आणि त्या हातांचेच वजन विश्वस्तांवर पडले.

२८ ऑक्टोबर १८९० रोजी विश्वस्तांनी रक्कम स्वीकारली आणि पुरुषांच्या तोडीची पूर्वतयारी असलेल्या स्त्रियांना प्रवेश देण्याचा ठराव केला. त्याबरोबरच एकूण पाच लाख डॉलर जमेपर्यंत महाविद्यालय उघडणार नाही, असेही ठरवले. तत्त्व मान्य झाले आणि अंमलबजावणी अनिश्चित काळासाठी पुढे गेली. या जोडठरावाकडे टाळाटाळ म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. मला वाटते, त्यात दोन्ही गोष्टी होत्या. लाभांश बंद असताना तुटपुंज्या निधीवर महाविद्यालय उघडणे खरोखरच बेजबाबदारपणाचे झाले असते, आणि त्याच वेळी पाच लाखांचा आकडा गिलमन यांना सोयीचाही होता.

दुसरा निर्णय : उरलेले सगळे स्वतः भरणे, आणि अट वाढवणे

पुढची दोन वर्षे निधी हळूहळू वाढत गेला, पण पाच लाखांच्या जवळ काही पोहोचला नाही. मोठे दाते पुढे आले नाहीत. १८९१ मध्ये गॅरेट यांनी आणखी एक लाख डॉलर देऊ केले, मात्र उरलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत इतरांनी जमवावी असे सुचवले. मुदत संपली तरी रक्कम जमली नाही. येथे माघार घेता आली असती, आणि तसे केले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता.

डिसेंबर १८९२ मध्ये गॅरेट यांनी विश्वस्तांना पत्र लिहून पाच लाखांना कमी पडणारी सगळी रक्कम, ३,०६,९७७ डॉलर, स्वतः देण्याची तयारी दाखवली. आधीची वर्गणी धरून त्यांचा एकूण वाटा ३,५४,७६४ डॉलर झाला, म्हणजे पाच लाखांतील सत्तर टक्क्यांहून अधिक. हे देणे संस्थेला जीवदान देणारे होते. पण या पत्रातील अटी १८९० च्या ठरावापेक्षा पुष्कळ पुढे गेलेल्या होत्या.

स्त्रियांना पुरुषांच्याच अटींवर प्रवेश मिळावा, एवढेच लिहून त्या थांबल्या नाहीत. स्पर्धेतून किंवा गुणवत्तेचे फळ म्हणून मिळणारी सर्व पारितोषिके, सन्मान आणि प्रतिष्ठा स्त्रियांनाही त्याच अटींवर मिळाव्यात, असे त्यांनी घातले. आत घेऊन मागच्या बाकावर बसवण्याची पळवाट त्यामुळे बंद झाली. महाविद्यालय पूर्णपणे पदव्युत्तर दर्जाचे आणि चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचे असावे, प्रवेशासाठी महाविद्यालयीन पदवी, रसायन, भौतिक आणि जीवशास्त्राचा पाया, आणि फ्रेंच व जर्मन भाषांचे ज्ञान आवश्यक असावे, ही दुसरी मोठी अट होती. स्त्रियांच्या निधीच्या स्मरणार्थ एका इमारतीला नाव द्यावे आणि तिच्यावर देणगीतून ५०,००० डॉलरपेक्षा जास्त खर्च करू नये, देणगीच्या अटी विद्यापीठाच्या वार्षिक पत्रिकेत दरवर्षी छापाव्यात, विद्यार्थिनींच्या वैयक्तिक अडचणींबाबत सल्ला देण्यासाठी सहा स्त्रियांची समिती असावी, अशाही अटी होत्या. शेवटी, यांपैकी कोणत्याही अटीचा भंग झाल्यास ३,०६,९७७ डॉलर आपल्याला किंवा आपण नेमू त्या व्यक्तीला अथवा संस्थेला परत मिळावेत, असे कलम होते.

हे शेवटचे कलम आणि दरवर्षी छापण्याची अट यांची जोडी मी पुन्हा पुन्हा वाचतो. रक्कम परत मागण्याचा हक्क असला तरी भंग झाला हे कोणाच्या ध्यानातच आले नाही तर तो हक्क निरुपयोगी. अटी दरवर्षी छापल्या गेल्या की नवा विश्वस्त, नवा प्राध्यापक, अर्ज करणारी मुलगी, सगळ्यांनाच त्या माहीत होतात. राखणदारीचे काम छापील कागदावर सोपवले गेले. वडिलांच्या बैठकींत करारनामे ऐकत मोठ्या झालेल्या माणसाची ही बुद्धी आहे.

विश्वस्तांची द्विधा

पैसे हवे होते, पण प्रवेशाच्या अटींनी गिलमन आणि वेल्च हादरले. त्या काळची बहुतेक अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालये शुल्कावर चालणारी खाजगी दुकाने होती. शाळेचे शिक्षणही पुरे न केलेल्यांना तेथे प्रवेश मिळे. अशा देशात पदवी, तीन विज्ञाने आणि दोन परभाषा मागितल्या तर येणार कोण, ही त्यांची रास्त शंका होती. विशेष म्हणजे या अटी गॅरेट यांनी मनाने रचलेल्या नव्हत्या. वेल्च यांनीच पूर्वी आदर्श म्हणून तयार केलेल्या योजनेतून त्या घेतल्या होत्या. स्वप्न म्हणून कागदावर उतरवलेली गोष्ट कोणी शब्दशः खरी धरून पुढ्यात ठेवील, याची वेल्च यांना कल्पना नव्हती. आपण प्राध्यापक म्हणून आत आलो हे नशीब, विद्यार्थी म्हणून आपल्या दोघांनाही प्रवेश मिळाला नसता, असे ऑस्लर वेल्च यांना म्हणाल्याची आठवण प्रसिद्ध आहे.

१८९३ च्या सुरुवातीला वाटाघाटी झाल्या. अभ्यासक्रमाच्या बारीकसारीक तपशिलांत आपल्याला हात घालायचा नाही, असा खुलासा गॅरेट यांनी केला. प्रवेशाचा दर्जा आणि स्त्रियांची समानता या दोन्ही मुद्द्यांवर मात्र त्या हलल्या नाहीत. कुठे सैल सोडायचे आणि कुठे नाही हे त्यांनी आधी ठरवून ठेवले होते असे दिसते, आणि त्यामुळेच बोलणी फिसकटली नाहीत. विश्वस्तांनी देणगी स्वीकारली.

दर्जाची अट का घातली, यावर दोन मते आहेत. केरी थॉमस यांना उच्च शिक्षणाच्या दर्जाची ओढ होती आणि ती अट त्यांच्या प्रभावातून आली, हे एक मत. मला दुसरे कारणही तितकेच बळकट वाटते. दर्जा सर्वांनाच समान आणि अवघड ठेवला की स्त्रियांमुळे पातळी घसरली असे पुढे कोणाला म्हणता येणार नव्हते.

परिणाम

ऑक्टोबर १८९३ मध्ये महाविद्यालय उघडले. पहिल्या तुकडीत १८ विद्यार्थी होते आणि त्यांत तीन स्त्रिया होत्या. तीनच. पण त्या त्याच दारातून आल्या होत्या. १८९७ मध्ये पहिली तुकडी पदवीधर झाली तेव्हा त्यांत एक स्त्री होती. सहशिक्षणाबद्दल सुरुवातीला नाखूश असलेल्या वेल्च यांनी पुढे प्रयोग यशस्वी झाल्याचे उघडपणे मान्य केले.

१९०० च्या तुकडीतून फ्लॉरेन्स सेबिन आणि डोरोथी रीड बाहेर पडल्या. रीड यांनी १९०२ मध्ये हॉजकिन आजाराच्या (लसीकाग्रंथींच्या एका कर्करोगाच्या) निदानाची खूण ठरलेल्या पेशींचे वर्णन केले, आणि आजही त्या पेशींना त्यांचे नाव जोडलेले आहे. सेबिन १९१७ मध्ये या महाविद्यालयात पूर्ण प्राध्यापकपद मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री झाल्या आणि १९२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून गेलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या.

दर्जाच्या अटीचा परिणाम याहून मोठा आणि याहून गुंतागुंतीचा होता. १९१० मध्ये शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातील १५५ वैद्यकीय महाविद्यालयांची पाहणी करून अहवाल दिला, तेव्हा त्यांनी हॉपकिन्सला आदर्श मानले. महाविद्यालयीन शिक्षणाची किमान दोन वर्षे मागणाऱ्या संस्था त्या वेळी अवघ्या १६ होत्या. अहवालानंतर निकृष्ट संस्था बंद पडत गेल्या आणि अमेरिकन वैद्यकाचा कायापालट झाला. पण त्याच लाटेत कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या सात महाविद्यालयांपैकी पाच बंद झाली. बाल्टिमोरचे महिला वैद्यकीय महाविद्यालयही १९१० मध्ये संपले. न्यूयॉर्कचे महिला महाविद्यालय त्याआधीच, १८९९ मध्ये, विलीन होऊन गेले होते. सहशिक्षणाचे दार किलकिले झाले आणि त्याच सुमारास स्वतंत्र दारे मिटत गेली. आनंदीबाईंचे महाविद्यालय मात्र टिकले. १९७० मध्ये त्याने पुरुषांनाही प्रवेश दिला.

नंतरची वर्षे, थोडक्यात

देणगीला अट जोडण्याची पद्धत गॅरेट यांनी पुढेही वापरली. पेनसिल्व्हेनियातील ब्रिन मॉर या महिला कॉलेजच्या विश्वस्तांना त्यांनी १८९३ मध्ये कळवले की केरी थॉमस अध्यक्ष झाल्या तर, आणि त्या पदावर असेपर्यंत, आपण दरवर्षी १०,००० डॉलर देऊ. थॉमस १८९४ मध्ये अध्यक्ष झाल्या. १९०६ मध्ये बाल्टिमोरला स्त्रीमताधिकाराचे राष्ट्रीय अधिवेशन झाले तेव्हा या चळवळीच्या वृद्ध नेत्या सुसान अँथनी या गॅरेट यांच्या घरी उतरल्या होत्या. त्यानंतर गॅरेट आणि थॉमस यांनी चळवळीसाठी ६०,००० डॉलरचा निधी उभा केला. हॉपकिन्सच्या चार नामवंत डॉक्टरांचे, चित्रकार जॉन सिंगर सार्जंट यांनी रंगवलेले प्रसिद्ध समूहचित्र गॅरेट यांनीच करवून घेतले. एप्रिल १९१५ मध्ये त्या वारल्या, आणि संपत्तीचा मोठा भाग त्यांनी केरी थॉमस यांना दिला. हयातीत शंभर कलमे घालणाऱ्या बाईने मृत्युपत्रात आपल्या मैत्रिणीवर एकही अट लादली नाही, हे मला हृद्य वाटते, पण सार्वजनिक कार्याच्या दृष्टीने तो पैसा विखुरला, हेही खरे आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिला मुद्दा अध्यापकांचा. पत्रातील शब्द विद्यार्थिनींना लागू होते. नेमणुका आणि बढत्यांबद्दल त्यांत काहीच नव्हते. ‘गुणवत्तेचे फळ’ या शब्दांत अध्यापकपद येते असा अर्थ कोणी काढला नाही. १९१७ मध्ये शरीररचनाशास्त्राच्या विभागप्रमुखाचे निधन झाले तेव्हा सेबिन यांची योग्यता सर्वमान्य असूनही ती जागा त्यांच्याच एका माजी विद्यार्थ्याला देण्यात आली आणि त्यांना ऊतिशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. १८९३ मध्ये अध्यापकपदाचे कलम मागितले असते तर विश्वस्तांनी देणगीच नाकारली असती का, हा प्रश्न रास्त आहे. तरीही रिक्त पदांसाठी स्त्री उमेदवारांचा विचार झाल्याची नोंद ठेवावी, इतके सौम्य कलमही घालता आले असते आणि वार्षिक पत्रिकेत तेही छापले गेले असते.

दुसरा मुद्दा उर्वरित विद्यापीठाचा. गॅरेट यांचा पैसा वैद्यकीय महाविद्यालयापुरता होता, म्हणून तत्त्वही तेवढ्यापुरतेच राहिले. पदव्युत्तर विभागांत स्त्रियांना १९०७ मध्ये आणि पदवीपूर्व वर्गांत थेट १९७० मध्ये प्रवेश मिळाला. विश्वस्तांना तत्त्व पटले होते म्हणून त्यांनी ते मान्य केले असते, तर पुढची दारे इतकी वर्षे बंद राहिली नसती. त्यांनी किंमत घेऊन एक दार उघडले, आणि किंमत मोजली नव्हती ती दारे तशीच ठेवली. याचा दोष गॅरेट यांना देता येत नाही. पण सशर्त देणगीने मन बदलते असे समजणाऱ्याने हा क्रम पाहावा.

तिसरा मुद्दा सर्वांत जड आहे. हॉपकिन्स यांच्या १८७३ च्या पत्रात लिंग, वय आणि वर्ण असे तीन शब्द होते. ते पत्र विश्वस्तांच्या दप्तरी होते आणि त्या गटातील मुलींच्या वडिलांनी ते वाचलेले होते. गॅरेट यांनी विद्यार्थ्यांसाठी अट लिहिताना त्यांतला एकच शब्द उचलला. वर्णाचा उल्लेख केला असता तर १८९३ च्या बाल्टिमोरमध्ये देणगी नाकारली गेली असती, ही शक्यता मी खरी मानतो. पण तो शब्द मागितला आणि नाकारला गेला असे घडले नाही. तो मागितलाच गेला नाही. हॉपकिन्सच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पहिले दोन कृष्णवर्णीय विद्यार्थी पदवीधर झाले ते १९६७ मध्ये.

अध्यापकपद आणि वर्ण, मसुद्यातल्या या दोन रिकाम्या जागा एकाच खोलीत दिसतात. १९२७ मध्ये हॉपकिन्समधून डॉक्टर झालेल्या हेलन टॉसिग यांनी जन्मतः हृदयदोष असलेल्या, निळ्या पडणाऱ्या मुलांवर उपचाराची कल्पना मांडली. शल्यविशारद आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी २९ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच रुग्णालयात ती शस्त्रक्रिया प्रथम केली. ती ज्यांनी प्रयोगशाळेत आधी घडवली ते कृष्णवर्णीय तंत्रज्ञ व्हिव्हियन थॉमस ब्लेलॉक यांच्या मागे उभे राहून टाका कसा घालायचा ते सांगत होते. टॉसिग यांना पूर्ण प्राध्यापकपद १९५९ मध्ये मिळाले, शस्त्रक्रियेनंतर पंधरा वर्षांनी. थॉमस यांना त्या महाविद्यालयात विद्यार्थी म्हणून कधी बसता आले नाही. विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये.